तळ्यात, मळ्यात

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. डब्याच्या तळाशी उरलेल्या शंकरपाळ्या एकदाच्या संपवाव्यात म्हणून दुपारी चहाच्या वेळी मी दोघांना काढून दिल्या, सहा तिला, सहा त्याला, मोजून, कारण आमच्याकडे मोजून दिलं नाही की लगेच भांडण. मनू साडेचार वर्षांची, दादा नऊचा. दादाने त्याच्या सहा शंकरपाळ्या टेबलावर ओळीने मांडल्या, मध्ये दोन-दोन बोटं जागा सोडून, आणि आगगाडी केली. मनूच्या सहा बशीत एकमेकींना चिकटून बसलेल्या. मी गॅसकडे बघत सहज विचारलं, "मनू, कोणाकडे जास्त गं?" तिने लगेच तोंड उघडलं, 'दा' एवढं बाहेरसुद्धा पडलं, आणि ती थांबली. तोंड तसंच उघडं, खालच्या ओठाला चुरा चिकटलेला, डोळे आगगाडीच्या इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत गेले, मग बशीकडे आले, परत आगगाडीकडे गेले. उजव्या हाताचं पहिलं बोट टेबलापासून थोडं वर उचललं गेलं होतं आणि हवेतल्या हवेत अगदी बारीक हलत होतं. आणि मी म्हणाले, "अगं सारख्याच आहेत ना, तुला सहा, त्याला सहा."

बोट खाली आलं. "हो," म्हणाली आणि खायला लागली.

एवढंच झालं. कोणी रडलं नाही, कोणी रागावलं नाही, तिच्या तर ते पाच मिनिटांत डोक्यातूनही गेलं असेल. माझ्या मात्र गेलं नाही. रात्री भांडी आवरताना, मग अंथरुणावर पडल्यावर, तेच हवेतलं बोट डोळ्यांसमोर येत राहिलं. मी काही चुकीचं सांगितलं नव्हतं, शंकरपाळ्या सारख्याच होत्या. पण ती कशाच्या तरी मधोमध होती आणि मी तिला तिथून उचलून थेट शेवटाला आणून ठेवलं. बाळ पहिल्यांदा आधार सोडून उभं राहतं, पाय लटपटत असतात, आणि आपण घाईने त्याला कडेवर घेतो ना, तसं काहीतरी. ओठावर आलेलं 'दादाकडे' तिने स्वतःहून गिळलं होतं. तिला कोणी थांब म्हणालं नव्हतं. डोळे सांगत होते की दादाची रांग लांब आहे, मग त्याच्याकडेच जास्त, उघड आहे, आणि त्या उघड दिसणाऱ्या गोष्टीला तिने आतल्या आत म्हटलं असणार, जरा थांब, बोटाला विचारते.

डीएड-बीएड केलेल्यांना हा प्रयोग पाठ असतो. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी तो केला. वस्तूंच्या दोन सारख्या रांगा मांडायच्या, मुलाला विचारायचं सारख्या आहेत का, ते हो म्हणालं की त्याच्यासमोरच एक रांग पसरवायची आणि परत विचारायचं. चार-पाच वर्षांची बरीच मुलं म्हणतात, लांब रांगेत जास्त. यावरून पुष्कळ वर्षं असं मानलं गेलं की या वयात संख्येची कल्पनाच पक्की झालेली नसते. पुढे पॅरिसचे मानसशास्त्रज्ञ ऑलिव्हिए हूदे यांनी वेगळं सुचवलं. त्यांच्या गटाने २०११ मध्ये लहान मुलांना स्कॅनरमध्ये ठेवून हाच प्रश्न विचारला. ज्यांना जमत होतं त्यांच्या मेंदूत आकड्यांशी संबंधित भाग तर कामाला लागलेले दिसलेच, पण त्याबरोबर कपाळामागचे, स्वतःला आवरून धरणारे भागही दिसले. हूदे म्हणतात की मुलाला मोजता येत असतं, पण 'लांब म्हणजे जास्त' हा त्याचा जुना नियम एवढा जोरात पुढे येतो की तो बाजूला सारेपर्यंत उत्तर तोंडातून निसटलेलं असतं. आणि तो नियम काही वेडगळ नाहीये हो. रेशनच्या दुकानासमोर लांब रांग दिसली की तिथे माणसं जास्तच असतात, बस स्टँडवरही तेच. शंभरातल्या नव्वद वेळा खरा ठरणारा नियम नेमक्या दहा वेळा बाजूला ठेवायला शिकायचं, आणि तेही साडेचार वर्षांच्या वयात. हे कळल्यापासून मला त्या बोटाबद्दल जरा जास्तच माया वाटायला लागली.

आता हे सगळं वाचताना लहानपणीचं काय आठवावं, तर तळ्यात मळ्यात.

मिरजेला आमच्या वाड्याच्या चौकात फरशी नव्हती, शेणाने सारवलेलं अंगण होतं. विटेच्या तुकड्याने त्यावर मोठा गोल काढायचा, गोलाच्या आत तळं, बाहेर मळा. आम्ही सात-आठ पोरं रेषेला अंगठे लावून उभी आणि काकांची मोठी मुलगी, आम्ही तिला आक्का म्हणायचो, ती जोत्यावर बसून ओरडायची. तळ्यात, मळ्यात, तळ्यात, मळ्यात, असं करत करत ताल धरायची, आमचे पाय आपोआप त्या तालावर उड्या मारायला लागले की मध्येच म्हणायची, मळ्यात... मळ्यात! आणि निम्मी पोरं तळ्यात. मला अजून आठवतं ते पोटऱ्यांमध्ये जाणवणारं काहीतरी. उडी मारायला पाय ताणले गेलेत, अंग पुढे झुकलंय, आणि त्याच क्षणी डोक्यातून कोणीतरी ओरडतंय, नाही, नाही, मळ्यातच आहेस, थांब. कधी थांबायला जमायचं आणि मी हात पसरून तोल सावरत रेषेवर डुगडुगत राहायचे, कधी नाही जमायचं. धाकटा चुलतभाऊ तीन-साडेतीनचा असेल, तो प्रत्येक वेळी पहिल्याच फेरीत बाद व्हायचा आणि त्याला ते कळायचंच नाही, तो तळ्यात उभा राहून आनंदाने टाळ्या वाजवायचा. शिवाजी म्हणतो खेळतानाही तेच, चिमणी उड कावळा उड मध्ये म्हैस आली की त्याचा हात वर. पुढच्या वर्षी दिवाळीत तो आला तेव्हा म्हशीला हात वर करत नव्हता. वर्षभरात काय झालं त्याच्यात? त्याला म्हैस उडत नाही हे आधीही माहीत होतंच की. माहीत असणं आणि हात आवरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं.

मानसशास्त्राच्या पुस्तकात याला एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. मला ते नाव कंपनीतल्या हुद्द्यासारखं वाटतं, पण आतला अर्थ साधा आहे. सांगितलेलं डोक्यात धरून ठेवणं, पहिला उमाळा आवरणं, आणि नियम बदलला की त्याबरोबर आपणही वळणं. तळ्यात मळ्यात खेळताना ही तिन्ही कामं एका उडीत होतात. तीन ते पाच या वयात ही ताकद झपाट्याने वाढते, आणि कपाळामागचा तो भाग पूर्ण पिकायला मात्र पंचविशी उजाडते. बालवाडीच्या वयात ज्या मुलांना हे आवरणं, धरणं, वळणं बरं जमतं त्यांना आकडेमोडही सहसा बरी जमते, असं एकामागून एक अभ्यासांत दिसलंय. सहसा म्हणते, कारण प्रत्येक पोर वेगळं.

एक प्रयोग मी घरीच करून बघितला. १९९४ मध्ये मानसशास्त्रज्ञ अॅडेल डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, फार गोड आहे. दोन प्रकारची कार्डं, एकावर सूर्य, एकावर चंद्र. नियम असा की सूर्य दिसला की 'रात्र' म्हणायचं आणि चंद्र दिसला की 'दिवस'. बाकी काही नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना हे अवघड जातं. मी शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा कापला, मनूनेच स्केचपेनने सूर्य काढला, त्याला डोळे आणि मिशा काढल्या, चंद्राला नुसते डोळे. नियम तिला लगेच समजला, उलट मलाच दोनदा समजावून सांगितला तिने. पहिली दोन-तीन कार्डं बरोबर. मग वेग वाढला आणि सूर्य बघून ती 'दिवस' म्हणाली, स्वतःच दचकली, तोंडावर हात ठेवला. पुढचं कार्ड काढायच्या आधी तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. हातांचा याच्याशी काय संबंध? काहीच नाही, बोलायचं तर तोंडाने होतं. पण ती अख्खी स्वतःला धरून बसली होती, खांदे कानांपर्यंत आलेले, आणि मिशीवाल्या सूर्याकडे बघत अगदी हळू, ओठ न उघडल्यासारखं म्हणाली, "रा...त्र." ते बघताना मला हसू आलं नाही. एवढंसं पोर एवढं कष्ट करताना मी कधी बघितलं नव्हतं, सायकल शिकतानासुद्धा नाही.

याच प्रयोगाला पुढे २००२ मध्ये डायमंड आणि सहकाऱ्यांनी एक छोटी जोड दिली. कार्ड दाखवायचं आणि मुलाने उत्तर द्यायच्या आत मोठ्या माणसाने एक ओळ गुणगुणायची, विचार कर, मला सांगू नकोस, अशा अर्थाची. काही शिकवायचं नाही, खूण द्यायची नाही, फक्त ती ओळ संपेपर्यंतचा वेळ मध्ये घालायचा. चार वर्षांचीच मुलं, तशीच कार्डं, आणि मुलांची उत्तरं खूपच सुधारली.

उत्तर त्यांच्याकडे होतंच. फक्त ते वर यायच्या आत दुसरंच दार ढकलून बाहेर पडत होतं.

हे वाचलं त्या दिवशी मी आईला फोन केला. आई तीस वर्षं बालवाडीची बाई होती, मिरजेजवळच्या एका खेड्यात. तिच्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती, उघडली की चिंचेचा आणि गंजाचा वास एकदम यायचा. आत चिंचोके, गुंजा, सागरगोटे, शिंपले, बांगड्यांचे तुकडे, काडेपेट्यांची रिकामी खोकी, आणि कुठून कुठून आणलेले नदीतले गोटे. विकतचं एकही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही तिची दैवतं. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्या दोघींनी जे केलं, आजूबाजूला मिळेल त्याच्यातून शिकवणं, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेणं, ते आई एखाद्या घरच्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगते. मी विचारलं, आई, तू पोरांना उत्तरासाठी वेळ द्यायचीस का गं? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "वेळ काय द्यायचा, पोरगं बोलेपर्यंत मी गहू निवडत बसायचे की." मग मला आठवलं. आई खरंच प्रश्न विचारून मान खाली घालायची. हातात सूप असायचं, किंवा पोरांच्या पोषण आहाराची मटकी. पोराने काहीही उत्तर दिलं, बरोबर, चूक, भलतंच, तरी ती वर बघून एकच म्हणायची, "असं होय?" आणि परत मान खाली. त्या 'असं होय' मध्ये ना शाबासकी ना चूक काढणं. पोरगं मग आपणच म्हणायचं, "न्हाई न्हाई, थांबा बाई."

मला वाटायचं आईचं लक्ष नसतं. चाळीशी उलटल्यावर कळतंय की पुरतं लक्ष असायचं.

एक मात्र खरं की वाट बघणं हे नुसतं घड्याळाचं काम नाही, चेहऱ्याचंही आहे. पियाजेंच्या त्या रांगांच्या प्रयोगात १९७४ च्या सुमारास जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी एक खोडकर टेडी आणला. मोठ्या माणसाने मुद्दाम रांग पसरवण्याऐवजी तो टेडी खोक्यातून पळत यायचा आणि रांग विस्कटून टाकायचा. मग तोच प्रश्न. आणि कितीतरी जास्त मुलं म्हणाली, सारख्याच आहेत. का? तर मोठं माणूस जेव्हा स्वतः काहीतरी बदलून तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतं तेव्हा मुलाला वाटतं, हिला आता वेगळं उत्तर हवं असणार. म्हणजे मूल शंकरपाळ्यांकडे बघतच नाही, आपल्या भुवयांकडे बघतं. हे वाचून माझ्या पोटात कालवलं. त्या दुपारी मनूचे डोळे आगगाडीवरून बशीवर फिरत होते हे मला पक्कं आठवतं, पण मध्ये एकदा तरी ते माझ्याकडे आले होते का? मी गॅसकडून वळून तिच्याकडे बघत होते तेव्हा माझा चेहरा कसा होता? हे आता कसं कळणार.

दादाचं दुसरीतलं एक दुखणं यानिमित्ताने नव्याने समजलं. त्याला 'तेवीस' सांगितलं की तो ३२ लिहायचा. सत्तेचाळीस म्हटलं की ७४. मी वैतागायचे, एकदा वहीवर पेन आपटलंही आहे. पण नीट कान देऊन ऐका, ते-वीस. आधी तीन ऐकू येतो, मग वीस. कानाने जे आधी ऐकलं ते हाताने नंतर लिहायचं. म्हणजे तीन डोक्यात धरून ठेवायचा, त्याच्याकडे धावणारा हात आवरायचा, आधी २ लिहायचा, मग तो धरून ठेवलेला ३ सोडायचा. अख्खं तळ्यात मळ्यात झालं की हे. आणि एकोणतीस? त्यात तर 'तीस' ठणठणीत ऐकू येतंय, आणि लिहायचा आहे वीसमधला आकडा, एक पाऊल मागे येऊन. मग एकोणचाळीस, एकोणपन्नास असं करत गाडी रुळाला लागते तोवर शेवटी नव्याण्णव, तिथे एकोण नाहीच. आपण हे सगळं लहानपणी पार करून आलो म्हणून आपल्याला दिसत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेलच. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, जोडाक्षरांनी मुलं अडखळतात म्हणून जोडीला दुसरी पद्धत दिली आहे. मी तेव्हा विरोधातच होते. आजोबांच्या तोंडची पावकी, निमकी, पाउणकी, औटकी ऐकत मोठी झालेली मी, साडेतीनचा पाढा म्हणणारी माणसं पाहिलेली, मला वाटलं भाषाच पातळ करतायत. आज काय वाटतं? 'एकोणतीस' हा शब्द जावा असं अजूनही वाटत नाही, त्याच्यात वजाबाकी दडलेली आहे आणि ती सापडते तेव्हा मूल उजळतं. पण वहीवर आपटलेलं ते पेन आठवलं की मंगलाताईंचं म्हणणं मी तेव्हा पुरतं ऐकूनच घेतलं नाही याचं वाईट वाटतं.

आणि हे काही लहानपणी संपत नाही. थंडीत सकाळी साडेसहाला ओट्याशी उभं राहिलं की स्टीलचं ताट हाताला चटका बसावा इतकं गार लागतं आणि शेजारचा लाकडी पोळपाट तसा नाही लागत. रात्रभर दोन्ही एकाच ओट्यावर, एकाच हवेत. थर्मामीटर लावला तर दोघांचं तापमान तेच. ताट हातातली ऊब भराभर ओढून घेतं, पोळपाट सावकाश, एवढाच फरक. मी सायन्सची पदवीधर, हे मला माहीत आहे, तरी रोज सकाळी हात म्हणतो की ताटच जास्त गार आहे, आणि रोज सकाळी मला त्याला समजवावं लागतं. अँड्र्यू श्टुलमन या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये मोठ्या, शिकलेल्या माणसांवर अभ्यास केला. विज्ञानातली विधानं दाखवून खरं की खोटं एवढंच पटकन सांगायचं. जिथे लहानपणची भाबडी समजूत आणि विज्ञान एकच सांगतात तिथे लोक भराभर सांगत, आणि जिथे दोन्ही आडवे येतात तिथे अडखळत, चुकत. म्हणजे शाळेत शिकलेलं विज्ञान जुन्या समजुतीला पुसत नाही, फक्त दाबून धरतं. ती खाली जिवंतच असते. मग मनू जेव्हा बादलीत लाटणं टाकायच्या आधी म्हणते की मोठ्ठं आहे, बुडणार, आणि ते तरंगतं, आणि एवढीशी साडीची पिन टुपकन तळाला जाते, तेव्हा तिचं जे तोंड होतं ना, भुवया वर, ओठांचा चंबू, ते मी आता घाईने पुसत नाही. 'लाकूड हलकं असतं बाळा' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार असतं. ते मी माझ्यापाशीच ठेवते. तिने त्या दिवशी लाटणं सात वेळा पाण्यात दाबलं, सात वेळा ते वर आलं, आणि आठव्यांदा तिने विचारलं, "याच्यात हवा आहे का?" मी म्हटलं, असं होय? अजून आईसारखं जमत नाही, माझ्या आवाजात उत्सुकता येतेच.

सोसायटीच्या गेटवर मध्यंतरी एक पत्रक मिळालं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मेंदूविकासाचे वर्ग, एकाग्रता, स्मरणशक्ती, गणितात झेप, तीन महिन्यांत फरक. फी वाचून डोळे पांढरे झाले, तरी खरं सांगते, मी ते पत्रक फ्रिजवर लावलं. आठवडाभर येता-जाता बघत होते, मनात यायचं की ही ताकद एवढी महत्त्वाची आहे तर आपण कमी पडायला नको. मग जे वाचलं त्याने थांबले. मेंदूच्या सरावाच्या खेळांनी मूल मुख्यतः त्या खेळातच पटाईत होतं, ते गणितात आपोआप झिरपत नाही, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय. आपल्याकडेच दिल्लीत 'प्रथम' या संस्थेच्या बालवाड्यांमध्ये चार महिने मुलांना संख्या आणि आकारांचे खेळ दिले गेले, २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मुलांची अंदाजाची, नजरेची गणिताची समज वाढली, वर्षभरानंतरही टिकून होती, पण पहिलीत गेल्यावर पाटीवरच्या आकड्यांत ती मुलं पुढे नव्हती. मला हे वाचून वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. खेळातली समज आणि पाटीवरचा आकडा यांच्यामधला पूल आपोआप बांधला जात नाही, कोणीतरी शेजारी बसून तो बांधावा लागतो, शंकरपाळ्यांचा असेना का. पत्रक फ्रिजवरून काढलं.

आमच्या शाळेत चौथीला तोंडी हिशेब असायचे. गुरुजी प्रश्न टाकायचे आणि तो पुरा व्हायच्या आत हात वर गेले पाहिजेत असा नियम होता, बोलून न दाखवलेला. माझा हात नेहमी वर असायचा. माझ्या बाकावर एक मुलगी बसायची, तेलाने चप्प बसवलेले केस, दोन घट्ट वेण्या. तिचा हात कधी वर जायचा नाही. ती खिडकीबाहेर कडुलिंबाकडे बघत असायची, ओठ हलत असायचे, आणि पुढचा प्रश्न सुरू झाला की ती मागच्याचं उत्तर माझ्या कानात सांगायची. बरोबर असायचं. वर्गात तिला मठ्ठ म्हणायचे. मीही एकदा म्हटलंय. पुढे कळलं की अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७० च्या दशकात शाळांमधले विज्ञानाचे तास रेकॉर्ड करून घड्याळ लावून ऐकले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची वाट सरासरी एक सेकंद बघत होते. एक सेकंद. तोच वेळ तीन सेकंद केला तर मुलांची उत्तरं लांबली, ज्यांना कोणी हिशेबात धरत नव्हतं ती मुलं बोलायला लागली, मुलं उलट प्रश्न विचारायला लागली. मला ते वाचताना कडुलिंब दिसला. ज्याला चटकन ठरवता येत नाही त्याला आपण म्हणतो, याचं नेहमी तळ्यात मळ्यात असतं, आणि तोंड वाकडं करतो. तिचं तळ्यात मळ्यात नव्हतं, ती नीट रेषेवर उभी होती. तिला पुढे शाळेतून काढलं, धाकटी भावंडं सांभाळायला. मी तिला पुन्हा भेटले नाही.

तीन सेकंद किती मोठे असतात ते मोजून बघा. मी मोजते हल्ली, मनात, एक, दोन, आणि दोनपाशीच जीभ टाळूवरून सुटायला बघते. मदत करावीशी वाटते, ते प्रेमच असतं, त्याला मी वाईट कशी म्हणू. माझी आई हातात सूप धरायची ते कदाचित यासाठीच, हातांना काम असलं की तोंड बंद राहतं. मी लसूण सोलायला घेते. कधी मनू भलत्याच विषयावर जाते आणि माझं थांबणं वाया जातं, कधी दादाच पटकन उत्तर देऊन टाकतो, त्यालाही कुठे माहीत आहे. ऑफिसची मीटिंग सुरू व्हायला चार मिनिटं असताना तर मी अजूनही सरळ सांगूनच टाकते, सारख्याच आहेत, चल बूट घाल.

परवा रविवारी संध्याकाळी पाऊस नव्हता, पण हवेत गारवा होता. मैदा होता म्हणून पुन्हा थोड्या शंकरपाळ्या केल्या. या वेळी मांडामांड मनूनेच केली. सहा स्वतःच्या, लांब लांब, टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, आगगाडी तिची. दादाच्या सहा तिने ढीग करून ठेवल्या. मी काही विचारलंच नव्हतं, मी लसूण सोलत होते. तिनेच हनुवटी टेबलावर टेकवली, एक डोळा मिटला आणि आपल्या लांबलचक रांगेकडे बघत म्हणाली, "माझ्याकडे जास्त." मी वर बघितलं. माझं तोंड उघडत होतं बहुतेक, कारण तिने झटकन हात पुढे करून माझ्या तोंडावर ठेवला. तुपाचा वास, वेलचीचा, बोटं चिकट. "थांब. सांगू नकोस हं."

मी थांबले. दुसरा हात टेबलावर फिरत होता, ते बोट आता हवेत नव्हतं, एकेका शंकरपाळीवर टेकत होतं. ढिगापाशी गेल्यावर घोळ झाला, दोनदा एकच मोजली गेली, मग तिने ढीग मोडून त्याचीही रांग केली. गच्चीवरून कोणीतरी वाळत घातलेले कपडे काढत होतं, दोरी करकरत होती. तिचा हात माझ्या तोंडावरच. बऱ्याच वेळाने म्हणाली, "एवढ्याच आणि एवढ्याच." मग दादाच्या रांगेतली शेवटची शंकरपाळी उचलली, तोंडात टाकली, कुरकुर चावली आणि माझ्या तोंडावरचा हात काढून मला विचारलं,

"आता?"